सत्तेचाळीस बैलजोड्या

शेतकी अभियांत्रिकीत एक मध्यम बैलजोडी म्हणजे साधारण १ अश्वशक्ती असं धरतात. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात घोडे बघायचे तर लग्नाच्या वरातीत. बैल मात्र गाळपाच्या हंगामात रस्ताभर. त्यामुळे गाडीची ताकद मोजायला इथे बैलजोडी हेच माप बरं.

बारामतीच्या एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या कारखान्यात एप्रिलिया आरएस ४५७ ही मोटारसायकल तयार होते. डिसेंबर २०२३मध्ये ती भारतीय बाजारात आली. ताकद ३५ किलोवॅट, म्हणजे ४७ अश्वशक्ती, म्हणजे ४७ जोड्या. एका जोडीला अडीच मीटर जागा धरून एकीमागे एक जुंपल्या तर रांग ११७ मीटर लांब होईल. एक खिलार बैल ४०० किलोचा धरला तर ९४ बैलांचं वजन साडेसदतीस टन. गाडीचं वजन, टाकीतल्या पेट्रोलसकट, १७५ किलो. दोन पोती साखर उचलणारा हमालही तिला ढकलत नेईल.

(हे माप फार ताणू नये. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची केसिंग तयार झाली आहेत. त्या टप्प्याचा जोर आणि धुराचा वेग घेऊन ढोबळ गणित मांडलं तर ७०-८० लाख जोड्या निघतात. तेवढे बैल उभे करायला तालुका पुरणार नाही.)

आता हा ३५चा आकडा आला कुठून? तो बारामतीत ठरलेला नाही, पुण्यातही नाही. युरोपात नवख्या स्वाराला मधल्या पायरीचं लायसन्स मिळतं, त्यावर ३५ किलोवॅटपेक्षा जास्त ताकदीची गाडी चालवता येत नाही. शिवाय दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद नको. १७५ गुणिले ०.२ करून बघा. बरोब्बर ३५. तिकडच्या कायद्याच्या काठावर आणून ठेवलेली गाडी इकडे माळरानावरच्या कारखान्यात जुळवली जाते आणि युरोप-अमेरिकेत जाते. गंमत म्हणजे याच एमआयडीसीत फेरेरो ही दुसरी इटालियन कंपनी पोरांसाठी किंडर जॉय बनवते. इटलीचं आणि बारामतीचं सूत कसं जुळलं, यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

पियाजिओची मूळ कथा मात्र ताकदीची नाहीच. १९४६मध्ये पहिली व्हेस्पा आली तेव्हा तिचं इंजिन ९८ सीसीचं, ताकद जेमतेम ३.२ अश्वशक्ती. तीन बैलजोड्या आणि वर एखादी शेळी. ती घडवणारा कोराडिनो डास्कानिओ हा हेलिकॉप्टरचा अभियंता आणि त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. कपडे मळतात, पाय टाकून बसावं लागतं, चाक पंक्चर झालं की काढता काढता जीव जातो. म्हणून त्याने इंजिन झाकून मागे नेलं, पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं आणि पाय ठेवायला सपाट जागा केली. त्या सपाट जागेचं पुढे आपल्याकडे काय होणार हे त्याच्या स्वप्नातही नसेल. गॅसचा सिलिंडर तिथे, गव्हाचं पोतं तिथे, मधलं पोरगंही तिथेच उभं.

पुण्याजवळ आकुर्डीत बजाजने हीच व्हेस्पा परवान्यावर बनवली. १९७१मध्ये करार संपला आणि १९७२मध्ये चेतक आली. १४५ सीसी, साडेसात अश्वशक्ती. साडेसात जोड्यांवर नवरा, बायको, दोन मुलं आणि मांडीवरची पिशवी. म्हणजे माणशी दोन जोड्यासुद्धा नाहीत. तिच्यासाठी आठ-दहा वर्षं नंबर लावून थांबत. पोरगं पहिलीत असताना नाव नोंदवायचं, ते दहावीला बसेपर्यंत गाडी दारात. आता दुसरा आकडा घ्या. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. दर १.६ सेकंदाला एक. हा लेख वाचायला आठ मिनिटं लागली तर तेवढ्यात तीनशे.

१९७२चीच लुना. ५० सीसीची ही गाडी कायनेटिकने काढली, तीही पियाजिओच्या चाओ या मोपेडच्या परवान्यावर. म्हणजे बारामतीत कारखाना टाकण्याआधीच पियाजिओ किमान दोनदा आपल्या घरात येऊन गेली होती, एकदा बजाजच्या व्हेस्पाच्या रूपाने, एकदा लुनाच्या. स्वतःच्या नावाने बारामतीत ती आली १९९०च्या दशकाच्या शेवटी, तीन चाकांची ॲपे घेऊन. व्हेस्पा इथे बनू लागली २०१२मध्ये.

गावातली खरी फटफटी मात्र राजदूत. १७३ सीसी, दोन स्ट्रोक, मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. भल्या पहाटे डेअरीकडे जाताना गाडी आधी ऐकू यायची, मग धूर दिसायचा आणि मग गवळी. तिच्या रूपाबद्दल कुणी कधी बोललेलं आठवत नाही. प्रश्न एकच, वजन किती ओढते.

रूपाचं आणि पळण्याचं वेड लावलं ते यामाहा आरएक्स १०० ने, १९८५मध्ये. इथे मला आकड्यांनी खरोखर चकवलं. व्हेस्पा १९४६ची, इंजिन ९८ सीसी, ३.२ अश्वशक्ती. आरएक्सचं इंजिनही ९८ सीसीचं, पण अश्वशक्ती ११. भांडं तेवढंच, ताकद साडेतीन पट. आता आरएस ४५७शी तुलना करा. लिटरच्या हिशेबाने चेतकची ताकद ५२ अश्वशक्ती, बारामतीच्या या नव्या गाडीची सुमारे १०३ आणि आरएक्सची ११२. जवळजवळ चाळीस वर्षं जुनी गाडी, ना संगणक, ना इंजेक्शन, ना पाण्याने थंड होणारं इंजिन, आणि सीसीमागे ताकद जास्त!

यात जादू काही नाही. दोन स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेरीला ठिणगी पडते, चार स्ट्रोकच्या इंजिनात एकाआड एक. दर फेरीला मजुरी घेणारा गडी दिसायला जोरकस असतोच. पण घास अर्धवट चावून गिळावा तसा तो पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून फेकतो. १९९१मध्ये दुचाकींच्या धुरावर पहिली मर्यादा आली तेव्हा किलोमीटरमागे ८ ते १२ ग्रॅम हायड्रोकार्बनची मुभा होती. एप्रिल २०२०पासून बीएस-६मध्ये ती ०.१ ग्रॅम आहे. बारामती ते इंदापूर सुमारे ५० किलोमीटर. तेव्हा त्या एका फेरीत अर्धा किलो हायड्रोकार्बन हवेत सोडलं तरी कायद्याला चालत होतं. आता फक्त ५ ग्रॅम, चहात घालतो तेवढी एक चमचा साखर. आरएक्सची पुंगळी आठवून हळहळणाऱ्यांनी हा अर्धा किलोही आठवावा. मीही हळहळणाऱ्यांतलाच आहे, म्हणून सांगतो.

आवाजाचाही हिशेब आहे. बुलेट उभ्या जागी मिनिटाला हजारेक फेऱ्या घेत असेल तर स्फोट पाचशे, म्हणजे सेकंदाला आठ. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसच्या आतले ठोके सुटे ऐकू येतात, म्हणून ती ‘डुगडुग’ मोजता येते. आरएस ४५७ पूर्ण ताकदीवर मिनिटाला ९,४०० फेऱ्या घेते. दोन सिलिंडर धरून स्फोटही ९,४००, सेकंदाला १५७. ते ठोके राहत नाहीत, सूर होतो. तिचा पिस्टन वरून खाली ६१.१ मिलिमीटर जातो, साधारण करंगळीएवढं अंतर. त्या करंगळीभर जागेत येरझारा घालत तो मिनिटाला १,१४९ मीटर चालतो. ताशी ६९ किलोमीटर, आणि सेकंदाला ३१३ वेळा थांबून मागे फिरून. कोणत्याही बैलाला विचारा, वळायलाच जास्त जोर लागतो.

मग आवड खरंच बदलली का? चौकातल्या पोरांकडे बघितलं तर हो. टाकी उंच, बूड वर, मागची सीट टीचभर. आजीला त्या सीटवर बसवून दाखवा. मागचं टायर १५० मिलिमीटर रुंद, स्प्लेंडरचं जेमतेम ८०. पण पार्किंगमध्ये मोजदाद केली तर वेगळंच दिसतं. १९८५च्या हिरो होंडा सीडी १०० चं इंजिन ९७.२ सीसी. १९९४ला आलेल्या स्प्लेंडरचं ९७.२. आजच्या स्प्लेंडरचंही ९७.२, ताकद आठेक अश्वशक्ती. हिरोने जानेवारी २०२१मध्ये १० कोटी गाड्यांचा टप्पा गाठला, तो मुख्यतः याच जातीच्या इंजिनांवर. गवळ्याच्या, गुरुजींच्या, साखर कारखान्याच्या टाइमकीपरच्या तोंडी चाळीस वर्षं एकच प्रश्न आहे, ‘ॲव्हरेज किती देते?’ माझं मत विचाराल तर आवड बदलली ती पोस्टरमधली. खरेदी अजून आठ जोड्यांचीच होते.

याला कारणही आकड्यातच आहे. आरएस ४५७ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ४ लाख १० हजार. २०२३-२४च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, टनाला ३,१५० रुपये होती, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. भागाकार केला तर १३० टन ऊस. एकरी ४० टन ऊस निघाला तर सव्वातीन एकरांचं वर्षाचं पीक. तेही तोडणी-वाहतूक, खत आणि पाणीपट्टी वजा न करता. ती वजा केली तर किती एकर लागतील ते ज्याने त्याने आपल्या पट्टीवरून काढावं. हा ऊस बैलगाडीने दीड-दोन टनांच्या खेपांनी कारखान्यावर न्यायचा तर ६५ ते ८७ खेपा.

आणि या खेपा रात्रीही चालतात, म्हणून शेवटी एक विनंती. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते, आणि ब्रेककडे बोट जाईपर्यंत एक सेकंद लागतोच. पुढच्या उसाच्या गाडीचा वेग ताशी चार किलोमीटर असतो. मागे दिवा नसतो, बाहेर आलेल्या वाढ्यांमुळे रिफ्लेक्टरही दिसत नाही. गाडीवानांनो, मागे लाल पट्टी ठळक दिसेल अशी लावा. आणि पोरांनो, नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर त्या रस्त्याने चाळीसच्या वर जाऊ नका.