दाणापाण्याची जागा

नंदुरबारचे नाव जगभरच्या पक्षीअभ्यासकांपर्यंत पोहोचले ते रानपिंगळ्यामुळे. शंभराहून अधिक वर्षे ज्याचा खात्रीलायक पत्ता नव्हता, तो हा पक्षी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. (शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी.) पण रानपिंगळा काही आपल्या अंगणात दाणे टिपायला येणार नाही. येतात ते चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, होले आणि सातभाईंची कलकलती टोळी. त्यांच्यासाठी दाणापाणी ठेवायचे तर नेमके कुठे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. तेव्हापासून उन्हाळा लागला की आवाहने सुरू होतात: गच्चीवर पाणी ठेवा, मूठभर धान्य ठेवा. काय ठेवायचे ते सगळे सांगतात. कुठे, ते क्वचितच कोणी सांगतो. मग आपण आपल्या सोयीने ठरवतो. चहा पिताना खुर्चीतून दिसेल अशी जागा! बोलावलेल्या पाहुण्याचा त्या जागेपायी जीव जाऊ शकतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

खानदेशात पहिला विचार करायचा तो उन्हाचा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडी ठेवून धापा टाकत, आतला ओलावा हवेत सोडून ते अंग थंड ठेवतात. म्हणजे ऊन वाढेल तशी पाण्याची गरज वाढते, आणि नेमके त्याच वेळी गच्चीवरच्या प्लास्टिकच्या भांड्यातले पाणी हात पोळेल इतके तापलेले असते. मातीचे पसरट परळ केव्हाही बरे. ते पाझरते, म्हणून पाणी गार राहते. खोली दीड-दोन इंचांहून जास्त नको, आणि मधे एखादा दगड असावा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतो.

सावलीसाठी पुष्कळ जण घराची उत्तर बाजू निवडतात. पुस्तकातले हे उत्तर नंदुरबारला पुरते लागू पडत नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्यच इथे डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. मेमधली दुपार कलल्यावरची किरणेही वायव्येकडून उत्तरेच्या भिंतीवर येतात. म्हणून मी पूर्व बाजू पसंत करतो. सकाळचे ऊन सोसण्यासारखे असते आणि बारानंतर घराचीच सावली पडते. अंगणात कडुलिंब असेल तर प्रश्नच मिटला.

दुसरा धोका काचेचा. धाब्याच्या घरांना लहान खिडक्या असत, त्याही लाकडी झडपांच्या. आता नव्या वसाहतींत भिंतभर काचा आल्या. काचेत आभाळ आणि समोरचे झाड दिसते, पक्षी त्या झाडाकडे झेपावतो आणि आदळतो. अमेरिकेतले डॅनियल क्लेम यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. त्यांच्या देशात दरवर्षी किमान दहा कोटी पक्षी असे मरत असावेत, असा त्यांचा अंदाज होता. त्यांच्या प्रयोगांतून निघालेली एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते: दाणे काचेपासून पाच-दहा मीटरवर असले की मृत्यू वाढतात, पण एका मीटरच्या आत असले की फारसे होत नाहीत. कारण साधे आहे. दचकून उडालेल्या पक्ष्याला तेवढ्या अंतरात वेगच घेता येत नाही. तेव्हा फीडर खिडकीला अगदी लगटून टांगा, नाहीतर काचेपासून चांगला दूर न्या. अंगण लहान असेल तर काचेला बाहेरून जाळी किंवा दोऱ्या लावाव्यात.

मांजर आणि शिक्रा यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. मेंदीच्या कुंपणाला चिकटून दाणे ठेवले तर मांजर तिथे दबा धरते. अगदी उघड्यावर ठेवले तर शिक्रा झडप घालतो आणि चिमणीला लपायला जागा उरत नाही. झुडपापासून आठ-दहा फूट, जमिनीपासून पाच-सहा फूट, आणि भोवती मोकळे, असा मध्य साधावा लागतो. होला मात्र जमिनीवरच टिपतो. त्याच्यासाठी झाडलेला, चारी बाजूंनी दिसणारा तुकडा हवा.

जुन्या ओसरीच्या आढ्याला सुगीनंतर ज्वारीची कणसे टांगत, त्या जागेचा मी या नजरेने विचार केला तेव्हा नवल वाटले. वर छप्पर, समोर अंगण मोकळे, काच नाही, मांजराची उडी पोहोचत नाही, दाणा कोरडा. एकाच जागी सगळ्या अटी पुऱ्या होत होत्या. आजही दादर ज्वारीची चार कणसे मिळाली तर बाजारातल्या फीडरपेक्षा मी तीच टांगीन. कणसाला लोंबकळून दाणा काढणे चिमणीला जमते, पारव्याला जमत नाही.

पारव्यांची गर्दी हा नुसता उपद्रव नव्हे. ब्रिटनमध्ये २००५ पासून हरित फिंच या पक्ष्याची संख्या एका परजीवीच्या रोगाने झपाट्याने घसरली. हा परजीवी मूळचा पारवे-होल्यांमधला. आजारी पक्ष्याच्या लाळेने दाणापाणी दूषित होते आणि तो पसरतो. म्हणून जागा कायमची ठेवू नये. दर पंधरा-वीस दिवसांनी चार-सहा फूट सरकवावी, खालची घाण झाडावी, परळ रोज घासावे. डासांचाही बंदोबस्त त्यातच होतो. पावसाळ्यात भिजलेल्या धान्याला बुरशी येते, शेंगदाण्याला तर लवकर. तेव्हा छपराखाली सुके ठेवता येत नसेल तर दाणे बंद ठेवलेले बरे. त्या दिवसांत बाहेर किडे आणि गवताचे बी मुबलक असते, आणि चिमणीची पिल्लेही किड्यांवरच वाढतात.

घरट्याची पेटी लावायची असेल तर ती दाण्याच्या जागेपासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूला लावावी. दाण्यापाशी कावळे जमतात, आणि पिल्लांची चिवचिव त्यांना लगेच ऐकू जाते.