क्रोशे: आकडीचे विणकाम आणि हाताच्या वेळेचा हिशेब

टोकाला आकडी असलेल्या एकाच सुईने, अखंड धाग्याच्या एका फासातून दुसरा फास ओढून घेत केलेल्या विणकामास क्रोशे किंवा क्रोशाचे विणकाम असे म्हणतात. मराठी घरांत ते रुखवतात मांडलेले रुमाल, दारावरचे तोरण, ताटावरची झाकणे आणि बाळंतविड्यातील टोपडी व मोजे यांमुळे परिचित असून फावल्या वेळचा विरंगुळा म्हणूनच त्याची गणना होत आली आहे. वस्त्रविद्येच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान निराळे आहे. दोन सुयांवरच्या विणकामाची यंत्रचौकट इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्येच तयार केली, पुढे भरतकाम आणि लेस यांचीही यंत्रे निघाली, परंतु खऱ्या क्रोशाचे व्यापारी उत्पादन करणारे यंत्र अद्याप प्रचारात आलेले नाही. त्यामुळे क्रोशाची वस्तू लग्नाच्या मांडवात असो वा परदेशी दुकानात, ती कोणाच्या तरी हातानेच विणलेली असते.

याचे कारण टाक्याच्या रचनेत आहे. दोन सुयांवरच्या विणकामात ओळीतील सर्व फास एकाच वेळी सुईवर उघडे असतात, म्हणून त्यांतील एक निसटला की खालपर्यंत उसवत जातो. क्रोशात मात्र बहुतेक वेळा एकच फास उघडा राहतो आणि बाकीचे टाके मागच्या मागे बंद होत जातात. ‘खांब’ हा नेहमीचा टाका घालताना धाग्याचा एक वेढा सुईवर घेऊन ती खालच्या ओळीतील टाक्यात खुपसतात, तेथून धागा ओढून आणला की सुईवर तीन फास जमतात, आणि मग धागा पुन्हा घेऊन आधी दोन फासांतून व नंतर उरलेल्या दोन फासांतून काढतात. पुढचा टाका नेमका कोठे खुपसायचा, हे विणणारी व्यक्ती दर वेळी डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवते. ही निवड व तयार वस्त्रात शिरणारी आकडी यांची नक्कल करणे यंत्राला अवघड जाते, आणि बाजारात क्रोशे म्हणून विकले जाणारे यंत्राचे कापड बहुधा वेगळ्याच विणीचे असते.

छंद म्हणून ही कला शिकणाऱ्याचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो: प्रथम साखळी, मग मुका खांब, अर्धा खांब व खांब, आणि हाताचा ताण एकसारखा झाला की गोल रुमाल. या गोलातच पहिले शास्त्र दडलेले आहे. मध्यावरच्या कड्यात बारा खांब घालून प्रत्येक फेरीत आणखी बारा वाढवीत गेले, म्हणजे दुसऱ्या फेरीत चोवीस व तिसरीत छत्तीस केले, तर रुमाल सपाट बसतो; वाढ कमी पडली तर त्याची वाटी होते आणि जास्त झाली तर कडेला झालर उठते. लॅटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात याच झालरीचा उपयोग करून, ठरावीक प्रमाणात टाके वाढवीत अतिपरवलयी प्रतलाचे, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी खोगिरासारखे वाकणाऱ्या पृष्ठाचे, टिकाऊ नमुने विणले. कागदाचे नमुने हाताळताना फाटत असत, तर हे नमुने विद्यार्थ्यांना दुमडून, उलटून तपासता आले. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या भगिनींनी २००५ मध्ये त्याच तत्त्वावर विणलेल्या प्रवाळभित्तीचा उपक्रम सुरू केला व त्यात देशोदेशींचे हौशी विणकर सामील झाले.

क्रोशात हात बसलेली व्यक्ती बहुधा शेजारच्या कलांकडेही वळते, आणि त्यांतून प्रत्येक कलेची चुकीविषयीची वृत्ती तिच्या ध्यानात येते. मॅक्रमे ही सुईविना, केवळ दोरीच्या गाठींनी साधणारी कला असून तिच्यात चुकलेली गाठ प्रयत्नाने सोडवता येते. टॅटिंगमध्ये छोट्या धोट्यावर गुंडाळलेल्या दोऱ्याच्या बारीक गाठी एकदा आवळल्या की सहसा सुटत नाहीत. क्रोशे मात्र धाग्याचे मोकळे टोक ओढताच चुकीच्या जागेपर्यंत सरळ उसवते आणि तोच धागा पुन्हा कामी येतो. वेळ तेवढा परत येत नाही, आणि या कलेचा पुढचा सगळा इतिहास त्या वेळेभोवतीच फिरतो.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा कॉर्क परिसरातील जोगिणींचे मठ आणि मोनहन परगण्यातील क्लोन्स हे गाव यांनी स्त्रियांना क्रोशाची लेस शिकवून कुटुंबे जगवण्याचा मार्ग काढला. तेथे फुले, पाने व वेलबुट्ट्या जाड दोरीवर सुट्या विणून शेवटी जाळीने जोडत असल्याने एकाच वस्त्राचे काम अनेक घरांत वाटून देता येई. श्रीमंतांच्या गळपट्ट्यांवर आणि बाह्यांवर मिरवणारी ही लेस अशा रीतीने उपासमार टाळण्यासाठी विणली गेली होती.

भारतात याच्याशी तुलना होईल असे केंद्र म्हणजे आंध्र प्रदेशातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर होय. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांमार्फत गोदावरीच्या खोऱ्यात आलेले हे लेसकाम तेथील हजारो स्त्रियांच्या हाती गेले, आणि २०२४ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या उद्योगाची दुसरी बाजू दाखवली: निर्यातीसाठी घरी बसून तासन्‌तास लेस विणणाऱ्या स्त्रियांची गणना कामगार म्हणून न होता फावल्या वेळात काही विणणाऱ्या गृहिणी म्हणून होत असे, व त्याच समजुतीच्या आधारे त्यांची मजुरी शेतमजुरीहूनही खाली राहत असे.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या कलेने प्रामुख्याने घराचा व धर्माचा आश्रय घेतला. गोव्यात वेदीवरील वस्त्रांच्या कडांना क्रोशाची लेस लावण्याचा प्रघात पडला, तर मराठी घरांत मुलीच्या हाताचे कसब दाखवणारे काम म्हणून या कलेला रुखवतात जागा मिळाली. या वस्तूंना विक्रीची किंमत नव्हती. आई, मावशी किंवा आत्या शेजारी बसून टाका दाखवी, आणि विणलेला रुमाल आप्तेष्टांत आहेर म्हणून जाई. त्यामुळे येथे वेळेचा हिशेब करण्याची वेळच आली नाही, परंतु ‘हे तर घरी बसून होते’ ही समजूत मात्र त्यातूनच घट्ट झाली, आणि आज ऑर्डर घेऊन बाहुल्या, पिशव्या वा तोरणे विणू पाहणाऱ्या स्त्रीला ‘लोकरीला असे किती पैसे पडतात?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते ते त्या समजुतीमुळेच.

छंदाचे महत्त्व नेमके येथे दिसून येते. हौशी विणकर आपला वेळ स्वखुशीने खर्च करतो, म्हणून त्याच्या बाबतीत मजुरीचा प्रश्न उद्भवत नाही, परंतु एका गोल रुमालाला किती फेऱ्या, किती खांब आणि किती संध्याकाळी लागतात हे त्याला बोटांच्या अनुभवाने कळलेले असते. यंत्राच्या मालाने भरलेल्या बाजारात हे ज्ञान दुर्मिळ आहे. दुकानात क्रोशाचा सदरा अगदी स्वस्त दिसला, तर अनभिज्ञ ग्राहक त्यास सवलत समजतो; टाके ओळखणारा मात्र तो हाताने विणलेला आहे हे जाणतो आणि कमी पडलेली रक्कम कोणाच्या तासांतून कापली गेली असावी याचा अदमास बांधू शकतो. विरंगुळा म्हणून हाती घेतलेली आकडी त्याला इतरांच्या श्रमाची किंमत वाचायला शिकवते, आणि नरसापूरच्या स्त्रियांना मजूर म्हणून ओळखण्याची सुरुवात अशा जाणत्या ग्राहकापासूनही होऊ शकते.