वेबसाइटची डिरेक्टरी आणि नोफॉलो : दाखला द्यायचा की नुसती नोंद?



नवी वेबसाइट सुरू झाली की थोड्याच दिवसांत फोन यायला लागतात. "सर, तुमचं नाव पाचशे डिरेक्टऱ्यांत टाकून देतो. सगळ्या लिंक डूफॉलो. गूगलवर पहिल्या पानावर याल." भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कितीतरी छोटे कारखाने आहेत. त्यातला एखादा मालक असो, नाहीतर मीरा रोडला दहावीचे क्लास चालवणारे सर असोत, दोघांनाही हा 'डूफॉलो' म्हणजे काय ते माहीत नसतं. पैसे मात्र दिले जातात. म्हणून आज आपण नोफॉलो म्हणजे काय आणि डिरेक्टरी चालवणाऱ्याने तो आपल्या यादीतल्या लिंकना लावावा की नाही, हे नीट समजून घेऊ.

आधी डिरेक्टरीचा विचार करू. घराघरात टेलिफोन डिरेक्टरी असायची ते दिवस आठवा. त्यात नाव छापून आलं म्हणजे तो माणूस चांगला, असं कुणी समजत नसे. फोन आहे म्हणून नाव आहे, एवढंच. वेबवरच्या पहिल्या डिरेक्टऱ्या मात्र वेगळ्या होत्या. जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये आवडलेल्या साइटांची यादी करायला घेतली, तिचं पुढे याहू झालं. १९९८ मध्ये ओपन डिरेक्टरी, म्हणजेच डीमॉझ, सुरू झाली. तिथे स्वयंसेवक संपादक प्रत्येक साइट उघडून बघायचे, योग्य वाटली तरच योग्य विभागात टाकायचे. म्हणजे त्या यादीत नाव येणं हीच एक शिफारस होती.

त्याच सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँकची कल्पना मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली म्हणजे ते त्याचं मत समजायचं, आणि ज्या पानाला स्वतःला जास्त वजनदार मतं मिळाली आहेत त्याच्या मताला जास्त किंमत द्यायची. आता एक छोटं गणित करू. एका डिरेक्टरीच्या पानाचं वजन १ धरा. मूळ सूत्रात साधारण ०.८५ भाग पुढे वाटला जातो. पानावर ५० लिंक असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ०.०१७ येतात. फक्त १० लिंक असतील तर ०.०८५, म्हणजे पाचपट. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मताला किंमत आली की मतं विकत घेणारेही येतात, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको! ब्लॉगांच्या प्रतिक्रियांमध्ये आपल्याच साइटची लिंक चिकटवून पळून जाणाऱ्यांचा एवढा सुळसुळाट झाला की जानेवारी २००५ मध्ये गूगलने एक युक्ती आणली आणि याहू व एमएसएन यांनीही ती मान्य केली. लिंक तयार करणाऱ्या एचटीएमएलच्या ओळीत 'नोफॉलो' हा एक शब्द घालायचा. वाचकाला काहीच फरक दिसत नाही, लिंक दाबली की साइट उघडते. सर्च इंजिनाला मात्र कळतं की ही लिंक इथे आहे, पण आमचं मत म्हणून ती मोजू नका. आणि हो, 'डूफॉलो' नावाचा टॅग अस्तित्वातच नाही. काहीही न लिहिलेली साधी लिंक, तिलाच विक्रेते डूफॉलो म्हणतात.

शाळेतलं उदाहरण घेऊ. ऑफिसमधून बोनाफाईड दाखला मिळतो. हा मुलगा आमच्या शाळेत शिकतो, एवढंच तो सांगतो. वर्तणुकीचा दाखला वेगळा. त्यावर सही करताना मुख्याध्यापक मुलाला ओळखणाऱ्या वर्गशिक्षकांना विचारतात. नोफॉलो लिंक म्हणजे बोनाफाईड. साधी लिंक म्हणजे वर्तणुकीचा दाखला. मग डिरेक्टरीने कोणता दाखला द्यायचा, हा प्रश्न शेवटी तिने साइट तपासली का, यावर येतो.

सरसकट नोफॉलो लावणाऱ्यांचं म्हणणं

आज बऱ्याच डिरेक्टऱ्यांत फॉर्म भरला की नाव आपोआप चढतं. कुणी बघत नाही. अशा ठिकाणी साधी लिंक देणं म्हणजे कोऱ्या दाखल्यांवर सही-शिक्का मारून गठ्ठा दाराबाहेर ठेवण्यासारखं आहे. याचा परिणाम काय झाला ते २०१२ मध्ये दिसलं. त्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि लिंकांचा बाजार मांडून वर आलेल्या साइटा खाली गेल्या. ज्यांनी हौसेने शेकडो डिरेक्टऱ्यांत नावं टाकली होती तेच लोक मग डिरेक्टऱ्यांना विनवण्या करू लागले, की बाबांनो, आमचं नाव काढा. काहींनी नाव काढायचेही पैसे मागितले! शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलला 'या लिंका माझ्या म्हणून धरू नका' असं कळवण्याची सोय साइटवाल्यांना करून द्यावी लागली. निकृष्ट डिरेक्टऱ्यांतल्या लिंकांचा उल्लेख गूगलच्या स्पॅमविषयक नियमांत आजही आहे. थोडक्यात, नोफॉलो नसेल तर धोका डिरेक्टरीइतकाच तुमच्या कारखान्यालाही असतो.

विकिपीडियाचंही उदाहरण देतात. तिथे तपासणारे जागरूक आहेत, तरी इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून बाहेरच्या लिंकना नोफॉलो लावला. पण विकिपीडियात कुणीही, कधीही लिंक घालू शकतो आणि ती उडवली जाईपर्यंत दिसत राहते. आधी तपासून मग प्रसिद्ध करणाऱ्या डिरेक्टरीला हा नियम लागू होत नाही.

नोफॉलोचं एक दुसरं कारण डिरेक्टरीवाले उघडपणे सांगत नाहीत. ते म्हणजे कंजूसपणा. "आपलं वजन बाहेर कशाला गळू द्यायचं?" मघाचं गणित घ्या. ५० पैकी ४० लिंकना नोफॉलो लावला तर उरलेल्या १० लिंकना प्रत्येकी ०.०८५ मिळतील, आणि त्या दहा आपल्याच साइटच्या आतल्या पानांच्या ठेवल्या की झालं, असा हिशेब होता. काही काळ तो चाललाही. पण २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी सांगून टाकलं की ही पद्धत वर्षभरापूर्वीच बदलली आहे. वाटणी ५० मध्येच होते. साध्या दहा लिंकना ०.०१७ च मिळतात आणि नोफॉलोवाल्या चाळिसांचा वाटा हवेत विरून जातो. म्हणजे दुसऱ्याला दिलं नाही आणि आपल्यालाही राहिलं नाही. वजन वाचवण्यासाठी नोफॉलो लावणं तेव्हापासून निरर्थक आहे.

मग लावायचा कुणाला?

माझं मत स्पष्ट सांगतो. सरसकट नोफॉलो लावणं म्हणजे तपासणीचं काम अंगावरून झटकणं. आणि सरसकट साध्या लिंका देणं तर त्याहून वाईट.

पैसे घेऊन दिलेली जागा असेल तर चर्चाच नको. तिथे साधी लिंक देऊच नये. १० सप्टेंबर २०१९ रोजी गूगलने दोन नवे शब्द दिले : पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वापरकर्त्याने स्वतः टाकलेल्या लिंकसाठी 'यूजीसी'. त्याच वेळी असंही सांगितलं की हे शब्द आता आदेश म्हणून न पाळता संकेत म्हणून विचारात घेतले जातील. फॉर्म भरून आपोआप आलेल्या नोंदीला यूजीसी किंवा नोफॉलो लावावा.

पैसे घेतले म्हणजे शिफारस खोटीच, असंही नाही बरं का. याहू डिरेक्टरी व्यावसायिक साइटांकडून वर्षाला २९९ डॉलर घ्यायची. पण ते पैसे साइट तपासण्याचे होते, नाव लागेलच अशी हमी नव्हती. फी भरूनही नकार मिळू शकत असे. परीक्षेची फी आणि पास होण्याची फी यात जो फरक आहे तोच इथे. अर्थात असं हाताने तपासणं महाग पडतं. याहू डिरेक्टरी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये.

आता राहिली खरोखर तपासलेली नोंद. समजा, मीरा-भाईंदरपुरतीच कुणी डिरेक्टरी काढली. संपादकाने भाईंदर पूर्वेच्या गाळ्यावर जाऊन पाहिलं, कारखाना खरंच आहे, फोन लागतो, साइटवरचा माल तिथेच बनतो. तर मग त्याला साधी लिंक द्यायला कचरायचं कशाला? मोठ्या ब्रँडच्या साइटला हजार ठिकाणांहून लिंका येतात, त्यांना एक कमी-जास्त झाली तर फरक पडत नाही. या छोट्या कारखान्याला प्रामाणिकपणे मिळणाऱ्या लिंका मुळातच दोन-चार. त्यांनाही नोफॉलो लावला तर खोट्याला थोपवण्याच्या नादात खराही मारला जातो.

मराठी साइटांच्या बाबतीत तर हे जास्तच जाणवतं. एके काळी मराठी ब्लॉगांच्या कडेला 'मराठी ब्लॉग विश्व'चं चिन्ह दिसायचं. तिथली यादी चाळत वाचक एका ब्लॉगवरून दुसऱ्यावर जायचे. मराठीत एकमेकांना लिंक देण्याची सवय आधीच कमी. कुणी कष्टाने चांगल्या मराठी शैक्षणिक साइटांची यादी केली असेल, तर तिने नोफॉलोच्या मागे लपू नये असं मला वाटतं.

नोफॉलो असलेली नोंद वाया जाते, असं मात्र समजू नका. गिऱ्हाईक ती लिंक दाबून येतंच. शिवाय जवळपासची दुकानं दाखवताना गूगल वेबवरच्या लिंका, लेख आणि डिरेक्टऱ्यांमधली माहितीही विचारात घेतं. म्हणून नाव, पत्ता, फोन सगळीकडे सारखाच लिहा. आपल्या गावाची तर गंमतच आहे. मराठीत कुणी भाईंदर लिहितो, कुणी भायंदर. इंग्रजीत शेवटून दुसरं अक्षर कुणी ए घालतो, कुणी ई. त्यात मीरा रोड हे वेगळं स्टेशन! एक रूप ठरवा आणि तेच वापरा.

करून बघा

कॉम्प्युटरवर कोणतीही डिरेक्टरी उघडा. पानावर राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' निवडा. कंट्रोल आणि एफ दाबून एखाद्या दुकानाच्या साइटचा पत्ता शोधा आणि त्याच ओळीत नोफॉलो, स्पॉन्सर्ड किंवा यूजीसी यातला शब्द इंग्रजीत आहे का ते पाहा. काही डिरेक्टऱ्यांत तर दुकानाच्या साइटची लिंकच सापडत नाही, फक्त फोन नंबर असतो.

आणि पुढच्या वेळी पाचशे डिरेक्टऱ्यांवाल्याचा फोन आला तर त्याला एवढंच विचारा : "गेल्या महिन्यात तुमच्या डिरेक्टरीने किती अर्ज नाकारले?"