सणाच्या शुभेच्छा, साऱ्या गावाला

गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात सणाच्या शुभेच्छा आता फ्लेक्सबरोबर व्हॉट्सॲपवरही झळकतात. शाळा, दुकान किंवा ग्रामपंचायतीच्या नावाने मजकूर टाकताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली तारीख. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी अलीकडे सरकते. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्या. राज्याने ईदची सुट्टी २९ला दिली. दसऱ्यालाच धम्मचक्र प्रवर्तन दिनही पाळला जातो. त्यामागचा बौद्ध धम्मदीक्षेचा सोहळा १९५६चा, नागपूरचा. अशा दिवशी दोन्ही नावं घ्यावीत.

दुसरी परिस्थिती. बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ‘घरोघरी फराळाचा घमघमाट’ हे वाक्य त्यांना लागू पडत नाही. त्याऐवजी ‘गावात असा की उसाच्या फडात, दिवाळीच्या शुभेच्छा!’ असं लिहिलं की तीही त्यात येतात.

तिसरी वाचनसोय. अंध व्यक्तींच्या मोबाइलमधला स्क्रीन रीडर चित्रात कोरलेली अक्षरं बहुधा नीट वाचू शकत नाही. म्हणून रंगीत बॅनरखाली तोच मजकूर साध्या अक्षरांत टाइप करावा. इमोजींची माळ टाळावी. स्क्रीन रीडरवर दिव्याच्या प्रत्येक इमोजीचं नाव पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं.