पाच छिद्रांचा पुंजका

कॅनडाच्या छात्रसंघटनांमध्ये नेमबाजीचा बिल्ला मिळवण्यासाठी लक्ष्याच्या मध्यबिंदूचा वेध घ्यावा लागत नाही. पाच छर्रे एकमेकांच्या किती जवळ लागले, एवढेच तेथे मोजले जाते. नेमबाजी म्हटली की ज्याला पोपटाचा डोळा आणि अर्जुन आठवतो, त्या मराठी वाचकाला हा निकष प्रथमदर्शनी अपुरा वाटण्याचा संभव आहे. परंतु कोवळ्या वयातील मुलामुलींच्या हाती बंदूक द्यायची असेल तर आधी काय शिकवले पाहिजे, याचे उत्तर या निकषात जितके स्वच्छ सापडते तितके ते क्वचितच अन्यत्र सापडेल.

नौदल, भूदल आणि हवाई दल अशा तीन शाखांच्या या संघटनांत 12 ते 18 वर्षांची मुले-मुली असतात. त्यांचा गणवेश सैनिकी असला तरी ती सैन्याचा भाग नसतात. भूदल शाखेची परंपरा 1879 पर्यंत मागे जाते. लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी 1909 मध्ये शाळांतील शारीरिक शिक्षण, कवायत आणि नेमबाजी यांसाठी निधी उभारून दिला आणि पुढे तो 5 लाख डॉलरपर्यंत वाढवला. त्या काळी या साऱ्यामागे साम्राज्यासाठी भावी सैनिक घडवण्याचा हेतू होता, हे लपवण्याचे कारण नाही. पुढे हेतू बदलला, 1975 मध्ये मुलींना रीतसर प्रवेश मिळाला आणि नेमबाजी उरली ती एकाग्रतेचे शिक्षण देणारा खेळ म्हणून.

गेली अनेक वर्षे या शिक्षणासाठी ‘डेझी 853 सी’ ही हवेच्या दाबावर चालणारी रायफल वापरली जाते. बाजूचा दांडा एकदा ओढून मिटला की नळीमागच्या पोकळीत हवा दाबली जाते आणि चाप ओढताच तीच हवा 4.5 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा बाहेर फेकते. छात्र पोटावर झोपून 10 मीटर अंतरावरच्या कागदी लक्ष्यावर पाच छर्रे झाडतो, आणि त्यांनी पाडलेल्या छिद्रांच्या समूहाला, म्हणजे पुंजक्याला, ‘ग्रुपिंग’ म्हणतात. पाचही छिद्रे 3 सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे 10 रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठ्या वर्तुळात मावली आणि असे दोन पुंजके साधले, की ‘मार्क्समन’ हा पहिला बिल्ला मिळतो. ‘फर्स्ट क्लास मार्क्समन’साठी हे वर्तुळ अडीच सेंटिमीटरचे होते, ‘एक्स्पर्ट’साठी 2 सेंटिमीटरचे, आणि ‘डिस्टिंग्विश्ड मार्क्समन’ या सर्वोच्च पायरीवर ते दीड सेंटिमीटरवर, म्हणजे कोटाच्या बाहीवरील बटणाएवढ्या आकारावर येऊन ठेपते.

पुंजका मध्यबिंदूपासून दूर, कागदाच्या डाव्या वरच्या कोपऱ्याकडे पडला तरी बिल्ल्याला बाधा येत नाही, कारण तो घट्ट असेल तर चूक नेमबाजाची नसून बहुधा बंदुकीच्या दर्शकाची, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या साधनाची असते, आणि ती स्क्रू फिरवून दुरुस्त करता येते. याउलट एक छर्रा अगदी मध्यावर आणि उरलेले चार चहूकडे विखुरलेले असतील, तर तो मध्यावरचा छर्रा केवळ योगायोगाने तेथे गेला असे समजावे लागते, आणि तो विखुरलेपणा दूर करणारा स्क्रू कोणत्याही बंदुकीला नसतो. दोन पुंजके मागण्याचे कारणही हेच आहे; एकदा दैव साथ देईल, परंतु लागोपाठ दहा छर्ऱ्यांना ते सहसा पुरत नाही. शालेय परीक्षांत ज्या मुलाला चुकले की बरोबर एवढेच कळते, त्याला आपली चूक कोणत्या जातीची आहे हे येथे कागदच दाखवतो, आणि या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे.

ही चूक किती सूक्ष्म असते, हे साध्या गणिताने कळते. मागचा दर्शक आणि नळीच्या टोकाची ‘माशी’ यांत अर्धा मीटर अंतर धरले, तर माशी 1 मिलिमीटर सरकताच छर्रा 10 मीटरवर 20 मिलिमीटर भरकटतो, म्हणजे त्या एका मिलिमीटरपायी सर्वोच्च बिल्ला हातचा जातो. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा भाग चाप ओढण्याआधीच्या तयारीचा असतो. बंदुकीचे वजन स्नायूंनी नव्हे तर हाडांनी पेलावे, यासाठी दंडाला पट्टा बांधून कोपर जमिनीवर टेकवतात. मग नेम धरून डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून पाहायचे. नेम ढळलेला दिसला, तर हाताने बंदूक ओढून तो जुळवायचा नसतो, तर कोपर न हलवता सारे शरीर किंचित वळवायचे असते, कारण जोर लावून जुळवलेला नेम चाप ओढण्याच्या क्षणी पुन्हा आपल्या जागी परततो. श्वास सोडल्यानंतरच्या छोट्या विरामात चाप हळूहळू दाबला जातो, आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहावे लागते.

या साऱ्या क्रियेला मराठीत एक जुना शब्द आहे, तो म्हणजे शिस्त. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तिरंदाजाची अंगठ्यातील कडी आणि त्यावरून नेम. मराठीतही ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे असा अर्थ होता, आणि आजचा वळणाचा, नियमबद्धतेचा अर्थच पुढे वरचढ ठरला. भारतीय सैन्याच्या हिंदीत मूळ अर्थ अजून जिवंत आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मैदानावर, .22 रायफल घेऊन 25 यार्डांवर प्रथमच लक्ष्य पाहणाऱ्या महाराष्ट्रातील मुलामुलींना मजबूत पकड, दुरुस्त शिस्त आणि चापाचा योग्य वापर ही तीन सूत्रे आजही शिकवली जातात, आणि तेथेही पहिला धडा पुंजक्याचाच असतो.

1948 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या छात्रसेनेतूनच अंजली भागवत यांना नेमबाजीची ओळख झाली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात असताना त्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनपर्यंत पोहोचल्या आणि 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत उतरल्या. अंतर तेच, छर्राही 4.5 मिलिमीटरचाच; मात्र तेथे झोपून नव्हे तर उभे राहून नेम धरावा लागतो, पुंजक्याला वेगळे गुण नसतात, आणि दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो.