दुय्यम भूमिकेचा मान

चित्रपट पाहून घरीं परतलेली मंडळी नायक-नायिकेचेंच गुणगान करितात. त्यांस तोलून धरणारा नट मात्र विस्मरणांत जातो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील ही उणीव 1984 सालच्या चित्रपटांपासून दूर झाली. सहायक नटनटींसाठीं स्वतंत्र रजतकमळ ठेविलें गेलें, आणि नटींमध्यें पहिला मान 'पार्टी' चित्रपटासाठीं रोहिणी हट्टंगडी यांस मिळाला. त्याचें मूळ नाटक नागपूरच्या महेश एलकुंचवार यांचें, म्हणून आम्हां हिंगण्याच्या रहिवाशांस त्याचें विशेष अगत्य.

पुढें 1989 च्या 'परिंदा'साठीं नाना पाटेकर व 2013 च्या 'अस्तु'साठीं अमृता सुभाष यांनीं हा मान मिळविला. 'अस्तु'मध्यें स्मृति गमावलेले वृद्ध संस्कृत पंडित हत्तीमागें चालत घरास मुकतात, आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांस लेकरासारखें सांभाळते. अशा छोट्या उपकथेस आपल्या नाट्यशास्त्रकारांनीं 'प्रकरी' म्हटलें आहे. प्रकरीस स्वतःचें फल नसतें. ती मुख्य कथेच्या उपयोगीं पडते.

एकत्र कुटुंबांतहि नांव कर्त्या पुरुषाचें होतें. अंथरुणास खिळलेल्या सासऱ्यांचें पथ्यपाणी सून निमूटपणें करिते. नटीच्या चन्नम्मेस शासनानें रजतकमळ दिलें. घरच्या चन्नम्मेस आपण कौतुकाचे दोन शब्द तरी देतों काय, हें वाचकांनीं स्वतःस विचारून पाहावें.