गिरणी बुडाली, तेव्हा जातं आठवलं

२२ जुलै २०२१ ची रात्र महाडमधली कोणतीही बाई विसरणार नाही. सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि बघता बघता पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत आलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. तिथल्या दुःखापुढे आमच्या घरातलं नुकसान सांगायलाही लाज वाटावी. पण पाणी ओसरल्यावर चूल पेटवायचीच होती, आणि तिथे एक अडचण उभी राहिली.

मदत म्हणून गहू आला होता, थोडी नाचणीही होती. पण दळायचं कुठे? नाक्यावरच्या गिरणीची मोटर चिखलात बुडालेली. वीज नाही. पुढची गिरणी गाठावी तर रस्त्यावर ढोपरभर गाळ! तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, माळ्यावरचं जातं काढा की. ते कुठे विजेवर चालतं?”

जातं काढलं, धुतलं, पुसलं, खुंटा ठोकून घट्ट केला. मी आणि माझी लेक समोरासमोर बसलो. पहिली पाच मिनिटं मजा वाटली. मग दंड भरून आले, तळहाताला फोड आले. तासाभरानं परातीत पाहिलं तर जेमतेम दीड किलो पीठ, तेही जाडंभरडं! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “आम्ही रोज पहाटे चारला उठून दहा माणसांचं दळायचो. शिवाय भात भरडायचं घिरट वेगळं, आणि उखळ-मुसळ वेगळं.”

तेवढ्यात लेक म्हणाली, “आई, एवढं पाणी दारात येऊन गेलं. त्यातलं थोडं या जात्याला जोडता आलं असतं तर?”

आम्ही हसलो, पण मनात मात्र तो प्रश्न राहिला. आमच्या महाड-पोलादपूरला पावसाची काय कमी? शिवथरघळीचा धबधबा पाहताना, आंबेनळी घाटातून कोसळणारे ओढे पाहताना वाटतं, या पाण्याला केवढं बळ आहे! तरी आजीच्या काय किंवा सासूबाईंच्या काय, तोंडून ‘पाणचक्की’ हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. विचार केला तेव्हा कारणही लक्षात आलं. चार महिने आमचे ओढे असे फुफाटतात की काठावरचं काही टिकू देत नाहीत, आणि होळी उलटली की त्याच ओढ्यांत दगड उघडे पडतात. चक्कीला पूर नको असतो. तिला हवी असते बारमाही, एकसारखी धार.

पाण्यानं फिरणारं जातं

पुढे एका लग्नाच्या निमित्तानं छत्रपती संभाजीनगरला जाणं झालं. वऱ्हाडी मंडळी वेरूळला निघाली; मी आणि लेक पाणचक्की बघायला गेलो.

तिथे बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांचा दर्गा आहे. हे बुखाऱ्याकडून आलेले. दर्ग्यात फकीर, वाटसरू, यात्रेकरू यांचा राबता असे, आणि इतक्यांच्या पोटाला पीठ लागे. त्यासाठी ही चक्की. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत हे सगळं काम टप्प्याटप्प्यानं उभं राहिलं.

पाणी आणलंय हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातून, सुमारे आठ किलोमीटरवरून, जमिनीखालच्या नळांतून. ते नळ मातीचे! या गावाला ही विद्या नवी नव्हती. १६१० मध्ये मलिक अंबरानं खडकी वसवली, तेव्हा ‘नहर-ए-अंबरी’ हा जमिनीखालचा पाण्याचा मार्ग बांधून त्यानं गावाची तहान भागवली होती. त्याच परंपरेतली ही नहर.

आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला जोरानं का येतं? टाकी उंच असते म्हणून. इथेही तसंच. उगम उंचावर, म्हणून बंद नळातून आलेलं पाणी दर्ग्यापाशी एका उंच भिंतीत आपोआप वर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. याच पाण्याच्या जोरावर चक्की चालते. खाली पाती लावलेलं एक चाक आडवं बसवलेलं असतं. पात्यांवर धार आदळली की चाक फिरतं. त्याचा दांडा खालच्या दगडाच्या भोकातून वर येऊन वरच्या दगडाला जोडलेला. चाक फिरलं की वरचा दगड फिरला! मधे दुसरं यंत्र नाही. आपलंच जातं, फक्त खुंटा धरायला बाईऐवजी पाणी.

लेक म्हणाली, “म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी इथल्या बायकांना सुट्टी मिळाली होती!” सगळ्या शहराच्या बायकांना नव्हे, हे खरं. चक्की दर्ग्याची होती. घरोघरची जाती चालूच राहिली. पण बाईच्या दंडातलं काम पाण्याला सांगता येतं, हे इथल्या कुणाला तरी सुचलं होतं, एवढं मात्र नक्की.

आता तिथे कुणी दळण आणत नाही. चक्की बघण्यापुरती उरली आहे. पाहताना माझं लक्ष दगडाकडे कमी आणि नळांच्या वाटेकडे जास्त गेलं. गाव वाढतं, नहरीच्या वाटेवर घरं उठतात, रस्ते खणले जातात, नळ फुटतात, गाळ साचतो. मराठवाड्यातला दुष्काळ तर वेगळाच! दगड शेकडो वर्षं टिकेल. पण आठ किलोमीटरच्या वाटेत एका ठिकाणी पाणी अडलं की चक्की नुसती शोभेची वस्तू होते.

घिरट आणि घराट

घरी आल्यावर थोडं वाचन केलं. उत्तराखंडात डोंगरी गावांत अशाच पाणचक्क्या आहेत. त्यांना म्हणतात ‘घराट’. आमच्या कोकणातलं भात भरडायचं ते ‘घिरट’! दोन्ही शब्दांचं मूळ संस्कृत ‘घरट्ट’, म्हणजे दळायचा दगड. आमचं घिरट हातानं ओढायचं, त्यांचं घराट झऱ्याच्या पाण्यावर. दळणावळीही पूर्वापार पिठातच द्यायची.

विजेच्या आणि डिझेलच्या गिरण्या आल्या तसे घराट बंद पडू लागले. तेव्हा डॉ. अनिल जोशी आणि त्यांच्या ‘हेस्को’ या संस्थेनं त्यात लक्ष घातलं. लाकडी भाग बदलून नीट घडवलेलं लोखंडी चाक आणि बेअरिंग बसवल्यावर तेच पाणी जास्त दळू लागलं, आणि काही ठिकाणी त्याच चाकावर वीजही करता आली. घराट टिकले ते उपयोगी पडले म्हणून.

नेदरलँड्स म्हणजे पवनचक्क्यांचा देश. तिथेही वाफेची आणि विजेची यंत्रं आल्यावर हजारो चक्क्या पडल्या. १९७२ मध्ये तिथे हौशी चक्कीवाल्यांनी संघ काढला. नोकरीधंदा सांभाळून ही माणसं चक्की चालवायला रीतसर शिकतात. २०१७ मध्ये युनेस्कोनं चक्कीवाल्याच्या या कसबाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. इमारतींच्या नव्हे हं, कसबाच्या! बंद चक्कीचं लाकूड कुजतं, तिला कीड लागते. फिरती चक्की टिकते, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे.

आपल्याकडे साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्या विजेच्या. आणि मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून सह्याद्रीवरून खाली आपल्या रायगड जिल्ह्यात भिऱ्याला उतरून वीज करतं. पाण्यानं चाक फिरायचं थांबलेलं नाही. फक्त ते आपल्या डोळ्यांआड गेलं. त्या धरणासाठी मुळशीकरांच्या जमिनी गेल्या, हेही पीठ मळताना आठवायला हवं.

काय जपायचं?

जात्यावरच्या ओव्या जपायला हव्यातच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत. पण ‘जातं गेलं आणि बाईची ताकद गेली’ असं कुणी म्हणालं की मला त्या दिवशीचे फोड आठवतात. सासूबाईंना विचारलं, “तुम्हांला जात्याची आठवण येते का?” त्या म्हणाल्या, “गाण्याची येते. दळण्याची नाही गं बाई!”

मला जपावंसं वाटतं ते पाणी. आमच्या पोलादपूर-महाडच्या वाड्यांवर जुलैत कोसळणारा पाऊस, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभ्या बायका! जात्याचा खुंटा हातातून सुटला, पण डोक्यावरचा हंडा उतरला नाही. कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी डोंगरातला झरा बांधून आठ किलोमीटर चालवत आणला. आणि आपण वाडीमागच्या झऱ्यातला गाळ दरवर्षी काढत नाही. पुढच्या मार्गशीर्षात आमच्या महिला मंडळानं माझ्या माहेरच्या वाडीतला झरा साफ करायचा बेत केला आहे. तुमच्याकडेही असा एखादा झरा असेलच.

आणि घरात जुनं जातं असेल तर त्याची कुंड्या ठेवायची बैठक करू नका. पाथरवटाकडून टाकी लावून घ्या. टाकी लावल्यावर पहिल्यांदा मूठभर कोंडा किंवा जाडं धान्य दळून टाकून द्या, म्हणजे दगडाची कच निघून जाते. मग मेतकूट, भाजणी, थोडी डाळ भरडायला ते उत्तम. सावकाश फिरतं म्हणून पीठ तापत नाही. गिरणीतलं पीठ मात्र गरम असताना डब्यात भरू नका. परातीत पसरून निवू द्या, नाहीतर वाफ धरून त्याला वास येतो. नाचणी धुऊन दळणार असाल तर आधी सावलीत खडखडीत वाळवा.

आमचं जातं आता माळ्यावर नाही, पडवीत आहे. आठवड्यातून एकदा त्यावर उडीद भरडते. फिरतं राहिलेलं बरं. पुन्हा पाणी आलं तर अडायला नको.